एका पियानोवर चार हात: पुलँकचा १९१८चा सोनाटा – मधले हात अडकतात, पेडल कुणाचं?

मधलीपट्टी

नमस्कार मंडळी. फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पुलँकचा चार हातांचा, म्हणजे एका पियानोवर दोघांनी वाजवायचा सोनाटा बसवतोय. तिन्ही भाग करायचे आहेत: प्रेल्यूद, रुस्तीक, फिनाल. साधन म्हणाल तर एक अपराइट (उभा) पियानो आणि एकच लांब बाक. आपापला भाग दोघांनाही नीट येतो, एकेकटं वाजवलं तर मेट्रोनोमला धरून जातं. एकत्र बसलं की घोटाळा सुरू होतो.

प्रेल्यूदमध्ये सेकोंदोचा (डावीकडे बसून खालचे सूर वाजवणाऱ्याचा) उजवा आणि प्रीमोचा (उजवीकडे बसून वरचे सूर वाजवणाऱ्याचा) डावा हात एकाच जागेवर येतात, मनगटं एकमेकांवर आपटतात. काही ठिकाणी एकाने धरून ठेवलेली पट्टी दुसऱ्याला वाजवायची असते, मग सूर उमटतच नाही. पेडल (उजवं, सूर रेंगाळत ठेवणारं) सेकोंदो घेतोय, पण वरची धून चिखलात बुडते. फिनालमध्ये काही पट्ट्या परत वर यायलाच उशीर करतात. तो वाजवण्यातला दोष की वाद्यातला, हेही कळत नाही.

दुसरा प्रश्न: हा सोनाटा झाल्यावर विसाव्या शतकातलंच काय घ्यावं? दोघांची तयारी सारखी नाही. उजवीकडे बसणारा बराच पुढे आहे, डावीकडचा पियानोच्या परीक्षांतल्या चौथ्या-पाचव्या ग्रेडच्या आसपास.

---

खर्जवाला

पहिल्यांदा बाक बाजूला करा. दोन वेगवेगळी स्टुलं घ्या, उंची कमीजास्त करता येणारी. लांब बाकावर दोघांची उंची एकच राहते, आणि एक सरकला की दुसऱ्यालाही सरकावं लागतं. हिशेब करून बघा: ५२ पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकी साधारण साडेतेवीस मिलिमीटर, म्हणजे सगळा पट्टा १२२ सेंटिमीटरच्या आसपास. माणशी जेमतेम दोन फूट. एकट्याने वाजवताना बसता त्यापेक्षा चार बोटं मागे बसा. मग आतल्या बाजूचं कोपर बरगडीच्या पुढे येतं, शेजाऱ्याच्या बरगडीत जात नाही. घड्याळ, बांगड्या, कडं, लांब बाह्या यांपैकी काहीही आतल्या हातावर नको. बटण अडकून सोनाटा थांबलेला बरा दिसत नाही.

आता मधले हात. वर कोण आणि खाली कोण हे वाजवता वाजवता ठरत नसतं, ते आधी कागदावर ठरवायचं. ज्याच्या वाट्याला काळ्या पट्ट्या जास्त, त्याचा हात आत झाकणाकडे आणि मनगट उंच. ज्याच्याकडे पांढऱ्या, त्याचा हात पट्ट्यांच्या अगदी कडेला, मनगट सपाट, बोटं लांब. खालच्या हाताने अंगठा पट्टीच्या टोकावरच ठेवायचा. तो आत घुसला की वरच्या हाताला उतरायला जागा राहत नाही. पेन्सिलीने त्या बारवर (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यावर) प्रीमोच्या पानात ‘वर’ आणि सेकोंदोच्या पानात ‘खाली’ असं लिहून टाका. एका ओळीत दोनदा अदलाबदल होत असेल तर दोन्ही ठिकाणी लिहा, लक्षात राहील असं समजू नका.

सरावाची रीत बदला. तुम्ही ‘आपापला भाग’ पक्का करताय, पण अडचण दोन भागांच्या सांध्यावर आहे. म्हणून चौघांपैकी फक्त मधले दोन हात घ्या: सेकोंदोचा उजवा, प्रीमोचा डावा. बाहेरचे हात मांडीवर. ठरलेल्या लयीच्या निम्म्याने, चार-चार बार. मनगट एकदाही लागलं नाही असं तीनदा सलग झालं की पुढचे चार. मग उलट करा: फक्त बाहेरचे दोन हात, म्हणजे खर्ज आणि वरची धून. तिथे कान तयार होतो, कारण ऐकणाऱ्याला सगळ्यात आधी हे दोनच ऐकू येतात. चारही हात एकत्र यायची वेळ त्यानंतरची.

सामाईक पट्टीचा नियम सोपा आहे. वाजवणाऱ्याचा हक्क मोठा, धरणाऱ्याचा लहान. प्रीमोने मधला सा दोन मात्रा धरलाय आणि दुसऱ्या मात्रेवर सेकोंदोला तोच वाजवायचाय, तर प्रीमोने अर्धी मात्रा आधी बोट उचलायचं. पेडल खाली असेल तर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पेडल नसेल तर किंचित फट पडते, पण सूर गायब होण्यापेक्षा फट बरी. दोघांनी एकाच क्षणी तीच पट्टी वाजवायची असेल तर एकाने ती सोडूनच द्या. धूनेचा सूर असेल तर प्रीमोकडे ठेवा, नुसता कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) भरणा असेल तर सेकोंदोकडे. सोडलेल्या सुराला पेन्सिलीने कंस करा.

आणखी एक. वीस बोटं म्हणजे मेझो फोर्तेचा (मध्यम जोराचा) आपोआप फोर्ते (जोरात) होतो, आणि पुलँकच्या ठोकेबाज प्रेल्यूदमध्ये तर नुसता हातोडा ऐकू येतो. वरच्या सप्तकांचा आवाज लवकर विरतो, खर्जाचा रेंगाळतो. म्हणून सेकोंदोने छापलेल्यापेक्षा एक पायरी कमीच वाजवायचं. स्टुलावर बसून हे समजत नाही, कारण प्रत्येकाला स्वतःच्या पुढ्यातलंच जास्त ऐकू येतं. फोन दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा आणि त्यावरून ठरवा.

---

उजवापाय

पेडलचं कोडं सुटायला एक व्यायाम पुरेसा आहे. सेकोंदोने स्टुलावर बसायचं, हात मांडीवर, उजवा पाय पेडलवर. प्रीमोने एकट्याने आपला भाग वाजवायचा आणि सेकोंदोने त्याला फक्त पेडल द्यायचं. पहिल्या पाच मिनिटांतच कळतं की पाय अजून स्वतःच्या खर्जाला बांधलेला आहे. खर्जाचा कॉर्ड दोन बार तोच आहे म्हणून पेडल दोन बार खाली, आणि त्या दोन बारांत वर प्रीमो पळतोय पायरी-पायरीने. चिखल तिथला. पेडल बदलायचं ते खर्जाच्या कॉर्डवर आणि वरच्या धूनेच्या वळणावर, दोन्हीकडे बघून. खर्ज धरून ठेवायचा असेल तर बोटाने धरा, पायाने नको.

प्रेल्यूद आणि फिनालचे ठोकेबाज तुकडे कोरडेच वाजवा. पेडल दिलंच तर एकेका ठोक्यावर टिचकीएवढं. रुस्तीकवर फ्रेंचमध्ये ‘भाबडेपणाने, संथ’ अशी सूचना आहे. तिथे थोडं पेडल चालतं, पण भाबडं गाणं धुक्यात गेलं की भाबडं राहत नाही.

अपराइटवर डावं पेडल वापरू नका. ग्रँडमध्ये (आडव्या पियानोत) ते सगळी यंत्रणा किंचित बाजूला सरकवतं आणि आवाजाचा रंग बदलतो. अपराइटमध्ये नुसत्या हातोड्या तारांच्या जवळ येतात, पट्टीचा स्पर्श पोकळ होतो आणि दोघांचाही अंदाज चुकतो. मधलं पेडल तर बहुतेक अपराइटवर शेजाऱ्यांसाठी असतं, ते फेल्टचा पडदा खाली सोडतं.

प्रीमोने दोन्ही पाय मागे घ्यावेत. सेकोंदोला उजव्या पेडलपर्यंत पाय तिरका न्यावा लागतो आणि वाटेत प्रीमोचा डावा बूट असतो.

---

बार_मोजणारी

वरचं बहुतेक पटलं. पण ‘पेडल सेकोंदोचंच’ हे उजवापाय यांनी गृहीत धरलंय, ते इथे जसंच्या तसं लागू होईल असं वाटत नाही. प्रश्नातच लिहिलंय की डावीकडचा कच्चा आहे. कच्च्या वादकाला खर्ज, ठेका आणि वर दोघांसाठी ऐकून पेडल, एवढं देणं म्हणजे नवख्याला तबला देऊन मंजिऱ्याही त्याच्याच गळ्यात बांधणं. प्रीमोला डाव्या पायाने उजवं पेडल घेता येतं. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, पण टाच जमिनीवर टेकवून आठवडाभर केलं की बसतं. स्टूल मात्र आणखी थोडं मागे घ्यावं लागतं. एका भागात पेडल एकाकडेच ठेवा. मध्येच पाय बदलायचा असेल तर निदान एक पूर्ण बार कोरडा हवा.

पुलँकच्या बाबतीत पेडल मुळात कमी आहे, त्यामुळे तिथे कुणीही घ्या. रावेल या फ्रेंच संगीतकाराच्या रचनांत मात्र हा प्रश्न खरा येतो.

---

उजवापाय

मान्य. कच्चा डावीकडे असेल तर प्रीमोचा डावा पाय. मी दोघं सारख्या तयारीचे धरून लिहिलं होतं.

---

तारजुळव्या

पट्टी उशिरा वर येते, त्याची दोन कारणं असू शकतात. दोन्ही तपासा.

पहिलं, अपराइटची रचनाच तशी आहे. पट्टी खाली जाते ती जेमतेम एक सेंटिमीटर. ग्रँडमध्ये पट्टी अर्धीमुर्धी वर आली तरी हातोडी पुन्हा मारता येते. ती दुहेरी सुटकेची युक्ती एरार या पियानो बनवणाऱ्याने १८२१ मध्ये काढली. अपराइटमध्ये ती नसते, पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. म्हणून फिनालमध्ये एकच सूर भराभर येतो तिथे बोट पट्टीला चिकटवून ठेवू नका, पूर्ण सोडा. शक्य असेल तिथे बोटं बदला: तिसरं, दुसरं, पहिलं. तरीही जमत नसेल तर लय थोडी उतरवा. ‘फार वेगात’ असं छापलंय म्हणून पडणारे सूर गिळायचे नसतात.

दुसरं, दमट हवा. पियानोला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात ती ८०च्या वर असते. पट्टीच्या भोकात फेल्ट बसवलेलं असतं, ते फुगतं आणि पिनेला पकडतं. ओळखायचं असं: वरचं झाकण उघडा, संशय असलेली पट्टी हळू दाबा आणि सोडा. पट्टीच अर्ध्यावर अडकत असेल तर दोष पट्टीच्या फेल्टमध्ये. पट्टी मोकळी आहे पण हातोडी सुस्तपणे मागे येतेय, तर हातोडीच्या सांध्यातली पिन घट्ट झालीय. पहिलं काम कारागीर काही मिनिटांत चिमट्याने मोकळं करतो. दुसऱ्यासाठी हातोडी काढावी लागते. घरी तेल किंवा स्प्रे मारू नका. फेल्ट तेल पितं, आठवडाभर बरं वाटतं, मग आधीपेक्षा घट्ट होतं.

दमटपणा घालवायला पियानोच्या खालच्या कप्प्यात बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत आहे. लोक आता तिथे एलईडी लावतात आणि काहीच फरक पडत नाही म्हणतात. कसा पडणार? उष्णता देतो तो जुना तारेचा बल्ब. पण तो लाकूड आणि फेल्टपासून लांब, जाळीत हवा. त्यापेक्षा पियानोसाठीच बनवलेला कमी वॅटचा हीटर रॉड बरा.

डिजिटलवर करणार असाल तर दोन गोष्टी बघा. पट्टीखाली तीन सेन्सर असतील तर पट्टी पूर्ण वर न येताही सूर पुन्हा वाजतो, दोन असतील तर अपराइटसारखंच होतं. आणि पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची संख्या) ६४ असेल तर चार हात, वर पेडल, मग धरलेले खर्जातले सूर मधूनच कापले जातात. १२८ हवी. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर चार हातांचं काही मांडूच नका.

---

आठसप्तकं

पुढे काय घ्यायचं, यावर. खरेदीआधी मुखपृष्ठ नीट वाचा. फ्रेंच ‘आ कात्र मँ’ किंवा जर्मन ‘त्सू फीअर हेंडन’ म्हणजे एक पियानो, चार हात. ‘द्यो पियानो’ किंवा ‘त्स्वाय क्लाविअर’ म्हणजे दोन पियानो, आणि ते एका वाद्यावर बसत नाही. कारण दोघांनाही सगळा पट्टा वापरायला मिळेल असं धरूनच ते लिहिलेलं असतं. इथे नेहमी फसगत होते, कारण त्याच संगीतकारांनी दोन्ही प्रकार लिहिले. पुलँकचा तुम्ही वाजवताय तो १९१८चा, पुलँक एकोणीस वर्षांचा आणि लष्करी सेवेत असतानाचा, १९३९ मध्ये हात फिरवलेला, तिन्ही भाग मिळून साधारण सहा मिनिटं. त्याचा १९५२-५३चा चार भागांचा सोनाटा दोन पियानोंसाठी आहे. पुलँकच्या रचनासूचीत त्यांचे क्रमांक अनुक्रमे ८ आणि १५६. हिंडेमिटचंही तसंच: १९३८चा चार हातांसाठी, १९४२चा दोन पियानोंसाठी. स्त्राविन्स्कीचा १९४३-४४चा सोनाटाही दोन पियानोंचा. बार्टोकच्या १९३७च्या सोनाट्याला दोन पियानो आणि शिवाय तालवाद्यं वाजवणारे लागतात, तो विषयच सोडा.

तुमच्यासारख्या जोडीला नेमकं जमेल ते स्त्राविन्स्कीचं. *तीन सोपे तुकडे* (१९१४-१५) आणि *पाच सोपे तुकडे* (१९१६-१७). पहिल्यात सोपा भाग सेकोंदोचा आहे. दुसऱ्यात सोपा भाग प्रीमोचा, तो त्याने आपल्या मुलांसाठी लिहिला. तुमचा कच्चा वादक डावीकडे आहे, म्हणून आधी *तीन*: मार्च, वॉल्ट्झ, पोल्का. सेकोंदोकडे प्रत्येक तुकड्यात एक छोटा ठेका, तोच सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ‘सोपे’ या शब्दावर जाऊ नका. ठेका सोपा, तो न हलवणं कठीण. प्रीमो वर तिरकस जोर देत राहतो आणि सेकोंदो नकळत त्याच्या जोराला जोर देतो, मग लय चढते. सेकोंदोने ठेका एकट्याने मेट्रोनोमवर पाच मिनिटं वाजवावा, एकाही ठोक्याला जास्त वजन न देता. मग मेट्रोनोम बंद करून प्रीमोने वर यावं. सेकोंदोने त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. एरवी चार हातांत हा दुर्गुण आहे, इथे तोच गुण.

नंतर जागा बदलून *पाच* घ्या. जागा बदलणं दोघांनाही चांगलं.

रावेलचं *मा मेर ल्वा* (१९०८-१०) गोदेब्स्की यांच्या दोन मुलांसाठी लिहिलेलं, पाच तुकड्यांचं. लहान मुलांसाठी म्हणून हलक्यात घेऊ नका. पहिली पावान (जुन्या संथ नाचाची चाल) फक्त वीस बारांची, सूर पहिल्या वर्षाचे, पण वीसच्या वीस बार हलक्या आवाजात एकसंध ठेवणं हे चांगल्या जोड्यांनाही जड जातं. दुसऱ्या तुकड्यात अंगठ्याएवढा पोरगा जंगलात वाट चुकतो. तिथे बार सुरुवातीलाच दोन मात्रांचा, मग तीनचा, चारचा, पाचचा होत जातो. मोठ्याने मोजू नका, सेकोंदोची सरळ चाल ऐकत राहा. तिसऱ्यात प्रीमो बहुतेक काळ्या पट्ट्यांवर. इथे खर्जवाल्यांनी सांगितलेला नियम हातांना लगेच पटेल: प्रीमो आत आणि उंच, सेकोंदो कडेला. भूपाचे पाच सूर ओळखीचे असल्याने आपल्याकडच्या कानाला हा तुकडा लवकर बसतो. धोका एवढाच की आपण तो गाऊ लागतो, लांबवू लागतो. तो मार्चच्या चालीत आहे, टणत्कार हवा. शेवटच्या तुकड्यात प्रीमोला पांढऱ्या पट्ट्यांवरून घसरत जायचंय. नखाच्या बाजूने, हलक्या हाताने. जोर लावलात तर कातडी सोलते आणि आवाजही वाढत नाही.

हिंडेमिटचा १९३८चा सध्या नको. त्यात दोघंही बरोबरीचे लागतात. आतल्या सुरावटी एकमेकांना उत्तरं देतात, सेकोंदो नुसता आधार देत बसत नाही. साती यांचे *नाशपातीच्या आकाराचे तीन तुकडे* (१९०३) मात्र जरूर पाहा. तीन म्हणतात आणि निघतात सात.

नोटेशनचा एक मुद्दा. भारतात स्वामित्व हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. पुलँक आणि हिंडेमिट दोघंही १९६३ मध्ये गेले, म्हणजे २०२४ पासून त्यांच्या रचना इथे मोकळ्या. युरोपात ७० वर्षांचा नियम आहे, तिथे अजून नाहीत. स्त्राविन्स्की १९७१ मध्ये गेला, त्याला वेळ आहे. रावेल केव्हाच मोकळा.

---

मधलीपट्टी

सगळ्यांचे आभार. दोन स्टुलं केली, मधल्या दोन हातांचा सराव सुरू केला. पट्टीच अर्ध्यावर अडकतेय, म्हणजे फेल्ट. कारागिराला बोलावलंय. पेडल प्रीमोच्या डाव्या पायाकडे दिलं.

एक राहिलं. आमच्या प्रतीत सेकोंदो डाव्या पानावर आणि प्रीमो उजव्या पानावर आहे. फिनालमध्ये पान उलटायच्या जागी कुणाचाच हात मोकळा नाही. आणि एक जण चुकला की दुसरा नेमका कुठे आहे ते सापडत नाही.

---

बार_मोजणारी

दुसरं आधी. दोन्ही पानांवर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा आकडा पेन्सिलीने लिहा, कारण समोरासमोरच्या पानांवर ओळी जुळत नाहीत. शिवाय दर दहा-बारा बारांनी, वाक्य सुरू होतं तिथे, दोघांच्याही पानात तेच अक्षर: क, ख, ग. सरावात तिसऱ्या कुणाला तरी अचानक अक्षर पुकारायला सांगा आणि दोघांनी न थांबता तिथे उडी मारा. कार्यक्रमात चुकलात तर चुकीची जागा शोधत बसायचं नाही, पुढच्या अक्षरावर भेटायचं.

पान उलटताना कागद उजवीकडचा असतो, म्हणून ते काम प्रीमोच्या उजव्या हाताचं. सेकोंदोचा डावा हात तिथपर्यंत आणलात तर तो प्रीमोच्या तोंडासमोरून जातो. प्रीमोच्या उजव्या हातात त्या बारला सप्तकाची जोड असेल तर वरचा सूर सोडून द्या आणि खालचा डाव्या हाताने घ्या. तशी सोय नसेल तर पुढच्या पानाची पहिली ओळ दोघांचीही झेरॉक्स करून आधीच्या पानाखाली चिकटवा. म्हणजे चार बार पुढे, जिथे हात मोकळा होतो, तिथे उलटता येतं.

टॅब्लेट वापरणार असाल तर आडवा ठेवून दोन पानं शेजारी दिसतील एवढा मोठा घ्या, नाहीतर दोन ठेवा. पान बदलायचं ब्लूटूथ पेडल प्रीमोच्या उजव्या पायाखाली. डाव्या पायाला तुम्ही काम दिलंच आहे, उजवा रिकामा आहे.

---

तारजुळव्या

ते पेडल रबराच्या चटईवर ठेवा. फरशीवर ठेवलंत तर फिनाल संपेपर्यंत ते सेकोंदोच्या स्टुलाखाली गेलेलं असेल.